गणिताशी गट्टी: नवशिक्या शिक्षकांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! वेळापत्रकात तुमच्या नावापुढे सातवी ‘ब’चं गणित पडलं आहे. बी.एड.ला तुमचे विषय मराठी आणि इतिहास होते हे मुख्याध्यापकांना ठाऊक आहे, पण तेवढ्यासाठी कोणी वेळापत्रक बदलत नसतं. घाबरू नका. घाबरणं हे मुलांचं काम. तुमचं काम इतकंच, की मुलांचं गणिताशी ‘सकारात्मक नातं’ जुळलं पाहिजे, आणि तेही पहिल्या घटक चाचणीच्या आत. खालच्या सूचना बिनचूक पाळा. आमच्या कित्येक पिढ्या याच रीतीने घडल्या, आणि आज हॉटेलात बिल चौघांत वाटायची वेळ आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

१. पहिल्या तासाला धीर द्या.

वर्गात शिरताच हसून सांगा, ‘‘मुलांनो, गणित अजिबात अवघड नाही. एकदम सोप्पं असतं.’’ या वाक्याची ताकद कमी लेखू नका. ज्याला गणित येत नाही त्याला आजवर एकच गोष्ट माहीत होती, की आपल्याला येत नाही. आता दुसरीही कळली, की सोपं असूनही येत नाही. मग जाता जाता पुस्ती जोडा, ‘‘पण दहावीला बीजगणित वेगळं आणि भूमिती वेगळी, तेव्हा कळेल.’’ मुलं शांत बसतात. याला वर्गनियंत्रण म्हणतात.

२. छडी कपाटावर ठेवा, जिभेला धार लावा.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारायला मनाई केली आहे. त्याच कलमात मानसिक त्रासालाही मनाई आहे, पण ते वाचायला कोणाला सवड असते? वळ दिसतो, टोमणा दिसत नाही. ‘डोक्यात बटाटे भरलेत का’ ही भाषा मात्र आता जुनी झाली. आधुनिक शिक्षक प्रेमाने बोलतो. चुकलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवा आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणा, ‘‘असू दे बाळा, तुझी चित्रकला छान आहे.’’ पोरगं पुन्हा गणिताच्या तासाला हात वर करणार नाही. कदाचित चित्रही काढणार नाही, पण तो तुमचा विषय नव्हे.

३. उत्तर नको, रीत हवी.

फळ्यावर ९८ गुणिले ५ लिहा आणि ‘‘पटकन सांगा, पटकन!’’ म्हणून टाळ्या वाजवा. टाळ्या महत्त्वाच्या. घाई आणि धास्ती एकत्र आली की आकडे मनात धरून ठेवायची जागाच अडते, आणि येत असलेलंही आठवत नाही.

तरीही मागच्या बाकावरून एखादी पोरगी म्हणेल, ‘‘चारशे नव्वद, बाई.’’

‘‘कसं काढलंस?’’

‘‘शंभर पंचे पाचशे. दोन कमी आहेत, म्हणून त्यातले दहा गेले.’’

सावध! ही मुलगी विचार करते आहे. तिला उभंच ठेवा आणि विचारा, ‘‘हातचा कुठाय?’’ ती म्हणेल, हातचा लागलाच नाही. मग फळ्यावर तुम्ही करून दाखवा: पाच आठे चाळीस, शून्य लिहिलं, हातचे चार, पाच नव्वे पंचेचाळीस आणि चार एकोणपन्नास. उत्तर तेच येतं, हे कबूल करा, पण वहीत लाल शाईने ‘रीत चूक’ असा शेरा मारून निम्मे गुण कापा. तिने आज जे केलं त्याला गणित म्हणतात हे तिला कळता कामा नये. कळलं तर ती ते पुन्हा करील.

४. ‘का’ विचारणाऱ्याचा वेळीच बंदोबस्त करा.

अपूर्णांकांचा भागाकार हे यासाठी उत्तम मैदान. नियम सांगा: दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. बस. ‘‘बाई, उलटा का करायचा?’’ असं कोणी विचारलंच तर तीन उत्तरं चढत्या क्रमाने वापरा: नियम आहे, परीक्षेत विचारत नाहीत, तुला फार कळतं.

चुकूनही भाकरीचं नाव काढू नका. तीन भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी दिली तर किती जण जेवतील, असं विचारलंत की सगळा वर्ग ‘सहा’ म्हणून ओरडतो. मग कोणीतरी वहीत बघून चक्रावतं, ‘‘अगं, भागाकार केला आणि उत्तर मोठंच आलं!’’ या क्षणी तास तुमच्या हातून गेला. पोरं आता तीन भागिले पाव करून बघतील, आपणहून. पुढे ऋण गुणिले ऋण धन का, असंही विचारतील, आणि ते तुम्हालाही कोणी सांगितलेलं नाही. तुमचा काय दोष? तुमच्या बाईंना त्यांच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं. परंपरा आहे, ती जपा.

५. आकडे सोपे करायच्या भानगडीत पडू नका.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा काय झालं ते आठवा. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो म्हणून लहान मूल ५२ लिहून बसतं, ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरं तोंडात अडकतात, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या. ऐकतंय कोण? थट्टा विधानसभेपर्यंत पोचली. ज्यांना स्वतःला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत क्षणभर थांबावं लागतं त्यांनीही मराठी बुडाल्याचं जाहीर केलं. आम्ही रडत शिकलो, तुम्हीही रडा, हे आपलं अधिकृत धोरण आहे.

६. बाजार शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा.

तुमच्या वर्गात एक मुलगा दर आठवडी बाजाराला आईबरोबर भाजी विकायला बसतो. गवार एकशे वीस रुपये किलो. गिऱ्हाइकाने पाऊण किलो घेतली, वर पंधराची कोथिंबीर. तो तराजू खाली ठेवता ठेवता सांगतो, ‘‘एकशे पाच झाले, मावशी,’’ आणि दोनशेच्या नोटेतले पंच्याण्णव मोजून परत देतो. सोमवारी त्यालाच फळ्यापाशी बोलवा, ‘१२० चे ३/४ काढा’ लिहून द्या आणि मजा बघा. खडू हातात घामेजतो.

हा योगायोग नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करतात, पण तशीच गणितं पुस्तकी पद्धतीने मांडून दिली की अडखळतात. शाळकरी मुलांची गत उलटी: कागदावर ठीक, बाजारात गळाठा. म्हणजे दोन्हींमध्ये भिंत चांगली भक्कम उभी आहे. तिचं प्लॅस्टर तेवढं दरवर्षी करत चला. त्या मुलाला ‘तू हे दर बाजाराला करतोस’ असं सांगून भलतं खिंडार पाडू नका.

७. खेळणाऱ्या मुलांची वही जप्त करा.

कोणी गुपचूप असं काही करताना सापडेल: ३५२४ घेतले, उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता यापुढे हेच कितीदा केलं तरी ६१७४च येत राहतात. चारही अंक सारखे नसले की झालं, कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात खेपांत इथेच येऊन पोचते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडलं. ते विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते कळले. शाळामास्तराने स्वतःच्या आनंदासाठी आकड्यांशी खेळत बसावं, हा आदर्श विद्यार्थ्यांसमोर तर नकोच, शिक्षकांसमोरही नको. पोर्शन कोण पुरा करणार?

वही जप्त करताना ओळीने तीन वजाबाक्या बिनचूक केल्याचं दिसलं तर दुर्लक्ष करा. मागच्याच आठवड्यात वजाबाकीचा स्वाध्याय अपुरा म्हणून त्याच मुलाला तुम्ही बाहेर उभं केलं होतं.

८. पालकसभेत आई-वडिलांना विश्वासात घ्या.

एखादी आई म्हणेल, ‘‘आमच्या घराण्यातच गणित नाही हो, माझंही कच्चंच होतं.’’ जोरजोरात मान डोलवा. मूल शेजारी उभं असेल तर उत्तमच. मुलगी असेल तर म्हणा, ‘‘जाऊ द्या, भाषा चांगली आहे तिची.’’ आणि पुढच्या तासाला वर्गात, स्टाफरूममध्ये बसल्यासारखं सैलावून, मुलींसमोर कबूल करून टाका, ‘‘मलासुद्धा गणिताची धडकीच भरायची बरं का.’’ अमेरिकेत पहिली-दुसरीच्या वर्गांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. बाईंना स्वतःलाच गणिताची जितकी धास्ती, तितक्या अधिक मुली वर्षअखेर ‘गणित मुलग्यांचं’ असं मानू लागल्या, आणि अशा मुलींना गणितही कमी येत होतं. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. एवढा हमखास गुण देणारा दुसरा उपाय बाजारात नाही.

९. नातं फारच विकोपाला गेलं तर काडीमोडाची सोय सुचवलेली आहे.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ न मिळता २० मिळाले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यावं, मात्र त्या विषयांचे अभ्यासक्रम पुढे घेता येऊ नयेत, असं मांडलं गेलं. पोरांना हे लवकर सांगा. दहा वर्षांच्या संसारात आपलं काय चुकलं, हे विचारायची मग गरजच उरत नाही. कोणी विचारतही नाही म्हणा.

१०. २२ डिसेंबर चुकवू नका.

राष्ट्रीय गणित दिन. रामानुजन यांच्या फोटोला हार, १७२९ ची रांगोळी, π च्या आकाराची मानवी साखळी आणि पाहुण्यांचं भाषण. पाहुणे सुरुवात करतील, ‘‘मला लहानपणी गणितात भोपळा मिळायचा,’’ आणि सगळे टाळ्या वाजवतील. इतिहासात भोपळा मिळाल्याचं इतक्या अभिमानाने कोणी सांगत नाही, हे तुम्ही इतिहासाचे असल्यामुळे तुम्हाला जाणवेल. गप्प बसा. त्या दिवशी गणिताचा तास होत नाही, म्हणून मुलं खरोखर खूश असतात. फोटो तेव्हाच काढून ठेवा, पुढे लागतो.

११. अहवाल.

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. रकाने असतात: विद्यार्थ्याचं नाव, गणित आवडते काय, होय किंवा नाही. मुलांना विचारण्यात वेळ घालवू नका. सगळ्यांपुढे ‘होय’ लिहा, एकापुढे ‘नाही’ लिहा, म्हणजे खरं वाटतं. त्या एकासाठी ‘उपाययोजना’ असा वेगळा रकाना आहे. त्यात ‘वैयक्तिक मार्गदर्शन केले’ एवढं पुरतं. नावाची निवड करताना ९८ गुणिले ५ वाली ती मुलगी सोयीची पडेल, तिचे पालक तक्रार करायला शाळेत येत नाहीत.

खाली एकूण टक्केवारी मागतात. सत्तेचाळीस पैकी सेहेचाळीस. रीत लिहीत बसू नका, मोबाइलवर काढा. तपासायला येणारे साहेबही मोबाइलवरच काढतात.