पुंगी नव्हतीच ती!

लग्नसराईत नागापूर एमआयडीसीतून मनमाड रस्त्याला लागलेली वरात बघावी. मागे ट्रकांचे हॉर्न, घोड्यावर घामाघूम नवरदेव. बँडवाल्याच्या कॅसिओवर (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे तो कॅसिओच) नागिणीची धून सुरू झाली, की आठवडाभर लेथवर गंभीर चेहऱ्यानं उभे असलेले मामा रुमालाचं टोक दातात धरून थेट डांबरावर लोळण घेतात. इस्त्रीचा शर्ट गेला खड्ड्यात.

खरा नाग पुंगीच्या हालचालीवर डोलतो, सुरावर नव्हे. मामा मात्र सुरावरच डोलतात, आणि तो सूर मुळात पुंगीचा नाहीच. 1954 च्या 'नागिन'मध्ये हेमंतकुमारांसाठी कल्याणजींनी तो काढला क्लॅव्हिओलिनवर. साथीला रवींची हार्मोनियम. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी 1947 च्या सुमारास केलेलं हे वाद्य. आत व्हॉल्व, वेगळ्या पेटीत स्पीकर, पियानोला खालून अडकवायची सोय आणि आवाज कमीजास्त करायला गुडघ्यानं रेटायची दांडी. मोठा ऑर्गन न परवडणाऱ्यांची सोय. एका वेळी सूर मात्र एकच. तिकडच्या वादकांना ही उणीव वाटत असेल, पण आपल्याला दोन हवेत कशाला? एकालाच नीट कंप दिला की नाग हजर!

स्वस्त यंत्रांचं नशीबच असं. नक्कल करायला जन्मतात, नक्कल साधत नाही आणि त्या फसण्यावरच लोक जीव टाकतात. रोलँडची टीबी-303 ही चंदेरी डबी 1981 साली बास गिटारवाल्याची जागा घ्यायला आली. बास गिटार तिला कधीच जमली नाही, बेडकासारखी डरावायची. 1984 पर्यंत गाशा गुंडाळला. पण तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि मींडेवर वाढलेल्या कानाला आणखी काय हवं? मुंबईच्या चरणजित सिंग या सिनेवादकानं 1982 मध्ये तिला साथीला घेऊन चक्क राग वाजवले. रेकॉर्डचं नाव 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड डब्या घेऊन बटणं पिळली, 1987 मध्ये त्यांची रेकॉर्ड आली आणि क्लबांत धमाल उडाली. सिंगांची दखल जगानं घेतली ती 2010 मध्ये, त्यांची रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर.

अमेरिकेत 395 डॉलरला आलेली ती डबी आज दोन-अडीच लाखांत मिळाली, तरी शौकीन स्वतःला भाग्यवान समजतात.