अरुंद घरातील शिवणजागेची शास्त्रशुद्ध मांडणी

शिवणजागा म्हणजे घरातील अशी जागा, जी शिलाई मशीन येण्यापूर्वी कोणालाही लागत नव्हती आणि ते आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सर्वांनाच लागू लागते. नागभीडमध्ये तिची निवड करताना अरुंदपणाचा संकोच बाळगण्याचे कारण नाही; ज्या गावाने नागपूरचा प्रवास 762 मिलिमीटर, म्हणजे अवघ्या अडीच फूट अंतरावरच्या दोन रुळांवरून पिढ्यान्‌पिढ्या केला, त्याला तेवढ्याच रुंदीत मशीन, स्टूल आणि शिवणारी बाई बसविणे जड जाऊ नये.

प्रथम उजेडाचा विचार करावा. मशीनच्या डाव्या टोकाला सुई आणि उजव्या टोकाला हातचाक असल्यामुळे उजेड डावीकडून यावा, उजवे कोपर भिंतीला घासू नये आणि कापड डावीकडे व मागे मोकळे उतरावे, असा नियम आहे. तो पाळणारी एकमेव जागा बहुधा दारातच सापडते. म्हणून मशीन सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपराखालील ओसरीत मांडले जाते आणि येणारा पाहुणा आधी मशीनला व मग यजमानाला भेटतो.

सपरीची मालकी मात्र ऋतुमानाप्रमाणे बदलते. धान निघाले की पोती तेथे येतात, आणि पोत्यांना सरकण्याची सवय नसल्यामुळे मशीननेच सरकावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावोगावची जत्रा भरते. तिच्यातील रात्रीच्या नाटकासाठी ब्लाउजांचे गठ्ठे येऊन पडतात आणि ते सर्व नाटकाच्या आदल्या संध्याकाळीच हवे असतात. मे महिन्यात पोती नसतात, पण पारा 45 अंशांच्या आसपास असतो. पंखा लावला तर कागदी मापे उडतात, न लावला तर घाम अस्तरावर टपकतो. अशा वेळी पंखा लावावा आणि मापांवर पितळी तांब्या ठेवावा, मात्र तो रिकामा असल्याची खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात पायदानाचे मोठे चाक वरच्या चाकाशी जोडणारा चामडी पट्टा सैल पडतो. तो बोटभर कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा. कवेलू कोठे गळतात, हे मशीन मांडण्याआधीच पाहिलेले बरे.

सर्वांत अवघड प्रश्न मशीनच्या फळीचा आहे, कारण घरातील कोणताही सपाट पृष्ठभाग फार काळ रिकामा राहत नाही. तिच्यावर वह्या, औषधे, चार्जिंगचा मोबाइल आणि वांग्यांची टोपली क्रमाक्रमाने येते. अर्धवट शिवलेला, टाचण्या लावलेला कपडा सुईखाली कायम दाबून ठेवणे, हाच यावर सिद्ध झालेला एकमेव उपाय होय.

नागपूरची अरुंद लाइन रुंदीकरणासाठी 2019 मध्ये बंद झाली. शिवणजागा रुंद करण्याचा प्रस्ताव घरात मांडू इच्छिणाऱ्या गृहिणीने, काम पूर्ण होईपर्यंत शिवायचे कोठे, हे आधी ठरवून ठेवावे.