शिकाले का शिकवाले?

सालामांकाच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकायला जायचं, तिथल्या एका कुटुंबात राहायचं आणि खोलीभाड्याऐवजी त्यांच्या दोन पोरांना इंग्रजी शिकवायचं, हा बेत वडिलांना समजावून सांगेपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे तू तिथं शिकाले चालला का शिकवाले?"

"दोन्ही."

"आन् इंग्रजी? तुले येते?"

प्रश्न रास्त होता. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आमची पिढी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवणारी. त्यातून आम्ही कारंज्याचे. आमच्या वर्गात इंग्रजी कोणी बोलत नसे, ते गणितासारखं सोडवत असत. चेंज द व्हॉइस, रिमूव्ह 'टू', यूज 'नो सूनर दॅन'. प्रत्येकाला दोन मार्क. वाक्यात राम रावणाला मारत असला की आम्ही रावणाला रामाकडून मारून घेत असू. त्यात रावणाचा काही फायदा नव्हता, पण मार्क पूर्ण मिळत.

एवढ्या भांडवलावर मला परदेशात मास्तरकी मिळाली, याचं श्रेय स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको याला द्यावं लागेल. 1941 साली त्याच्या राजवटीनं परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्येच बोलले पाहिजेत असा हुकूम काढला. पुढे हुकूम गेला, सवय राहिली. अजूनही टीव्हीवर हॉलिवूडचा नट अस्खलित स्पॅनिश झाडतो, आणि घराघरातले आईबाप मुलांच्या कानावर इंग्रजी पडावं म्हणून माणूस शोधत फिरतात. माझ्या घरमालकीणबाईंनी तर शेजारणींना सांगून टाकलं होतं की भारतात सगळे जन्मापासूनच इंग्रजी बोलतात. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी हे ऐकलं असतं तर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले असते.

पोरं दोन. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठची. थोरल्याला मी माझ्याकडचं सर्वोत्तम दिलं, म्हणजे 'नो सूनर दॅन'. एकदा जेवताना तो एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "नो सूनर डिड ग्रँडमदर सर्व्ह द लेंटिल्स दॅन आय स्टार्टेड टू क्राय." टेबलावर शांतता पसरली. बापाला अर्थ कळला नव्हता, पण वाक्याची लांबी बघून त्याचे डोळे भरून आले. इंग्लंडमध्ये आज असं वाक्य किती पोरं बोलतात देव जाणे. आमच्या वाशिम जिल्ह्यात मात्र कोणत्याही ट्यूशनच्या दारातून ते ऐकू येईल.

जिल्ह्यावरून आठवलं. सालामांकाच्या सरकारी कचेरीत मला जन्मस्थळाचा जिल्हा विचारला. मी जन्मलो तेव्हा कारंजा अकोला जिल्ह्यात होतं, 1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा झाला आणि आम्ही तिकडे गेलो. "म्हणजे तुम्ही घर बदललं?" बाईंनी विचारलं. नाही, घर तिथंच आहे, जिल्हा बदलला. बाईंनी पेन खाली ठेवलं. गाव कुठं आहे म्हणून विचारल्यावर मी जोमात आलो: नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिर, जुनी जैन मंदिरं, कापसाचा बाजार आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला जायची ती शकुंतला. ही शकुंतला छोट्या रुळांची रेल्वे असून इंग्रज गेल्यावरही तिचे रूळ एका खाजगी कंपनीच्या मालकीचेच राहिले, हे सांगितल्यावर बाईंनी मागच्या माणसाला बोलावलं.

आता जेवणाकडे येऊ. घरात खरी सत्ता आजीची. स्वयंपाकघरात, आपल्याकडे जिथं पाण्याचा माठ असतो साधारण त्या जागी, एका लाकडी घोडीवर डुकराची अख्खी तंगडी खुरासकट आडवी बसवलेली. येताजाता जो तो सुरी फिरवून पापुद्र्यासारखा काप काढणार. मी शाकाहारी आहे हे आजीला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिला ते पटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी मसुराची आमटी केली. ताट माझ्यासमोर ठेवलं, आणि मग माझ्या देखत चमच्यानं त्यातले चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, लालभडक तुकडे एकेक करून काढून नातवाच्या ताटात टाकले. वर तांबडं तेल तरंगत होतं. "हं," आजी म्हणाली, "आता शाकाहारी झालं."

या बाबतीत मी एकटा नव्हतो, हे आठवून बरं वाटायचं. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकत शिकत संस्कृत शिकवू लागल्या. म्हणजे माझाच करार, भाषा तेवढी भारदस्त. आणि त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांची जी जोरदार पत्रापत्री झाली, तिच्यात धर्मतत्त्वांच्या जोडीला अंडं घातलेल्या पुडिंगचाही वाद आहे. ख्रिस्ती ट्रिनिटीचा निकाल लागेल, पुडिंगचा लागणं कठीण. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी न्यूजर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या. ही युक्ती मला फार आवडते. मालकीण म्हटलं की हिशेब आला, मावशी म्हटलं की नुसतं रुसायचं.

दुसऱ्याच्या घरचं जेवून शिकण्याचा अनुभव आमच्या घराण्यातही आहे. आजोबा अमरावतीला शिकायला होते तेव्हा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. ही सोय अर्थात ठरावीक जातींच्या पोरांपुरतीच. बाकीच्यांसाठी पंजाबराव देशमुखांना अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढावं लागलं. आजोबा सांगत, वाराच्या घरी जेवायला पैसे पडत नाहीत, पण तिथल्या पोरांचे पाढे घ्यावे लागतात, म्हातारीला पोथी वाचून दाखवावी लागते आणि आमटी खारट झाली तरी दुसऱ्यांदा मागून घ्यावी लागते. माझ्या स्पॅनिश घरात पोथीच्या जागी फुटबॉल होता. बाकी यादी तीच. पैसे भरणारा भाडेकरू दार लावून पडून राहू शकतो. मला मात्र डोकं दुखत असलं तरी रविवारच्या जेवणानंतर दोन दोन तास टेबलावर बसून, कळत नसलेल्या विनोदांवर शेवटून दुसरा हसावं लागे. सगळ्यात शेवटी हसलं की संशय येतो.

वेळेचा घोळ निराळाच. स्पेन बसलंय ग्रीनिचच्या रेषेवर, पण 1940 साली फ्रँकोनं घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनशी जुळवली, ती अजून तशीच. त्यामुळे दुपारचं जेवण तीनला आणि रात्रीचं दहाला. आई आठच्या बातम्या लागल्या की फोन करायची. "जेवला का रे बापू?" हिवाळ्यात तिथे तेव्हा दुपारचे साडेतीन. "जेवून राह्यलो." आई मग वडिलांना सांगे, "पोट्टं रात्रीचं येळेवर जेवते बरं." मीही तिला घड्याळाचा हिशेब समजावत बसलो नाही.

विद्यापीठ 1218 सालचं, त्यामुळे रिवाजही मुरलेले. मुख्य दर्शनी भिंतीवरच्या दाट कोरीवकामात एका कवटीवर बसलेला इवलासा बेडूक आहे. तो कोणी न दाखवता सापडला तर परीक्षेत पास, असं पोरं मानतात. मला सापडला. तरी मी खबरदारी म्हणून आईला गुरुमंदिरात नारळ फोडायला सांगितलं. पास झालो, पण श्रेय कोणाचं यावर घरात अजून एकमत नाही.

आता ते अख्खं कुटुंब कारंज्याला येतंय, आजीसकट. आमच्या गल्लीत वारांची वाटणीही झाली. सोमवार आमचा, मंगळवार समोरच्या वहिनींचा, बुधवार शेजारच्या जैन काकांचा. काकांनी अट आधीच सांगितली: "आपल्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण. त्याहीले जमन का?"

मी म्हटलं, काका, ते लोक रात्री दहाला जेवतात.

काका विचारात पडले. "तिथं दिवस कधी मावळते?"

"जूनमध्ये दहाच्या सुमारास."

"मग आपल्यातलेच हायेत की," काका म्हणाले, आणि त्यांनी गुरुवारही मागून घेतला.