फरक स्पष्ट करा

शिडाच्या होडीतून दिवसभर निवांत फिरायचं, ही कल्पना आमच्या साडूंची. साडू पुण्याचे. त्यांच्या निवांतपणालाही वेळापत्रक असतं. गेटवेवर सकाळी साडेआठला त्यांनी मला कागद दाखवला : साडेअकराला खांदेरी, बारा ते एक जेवण, चारला परत. वाऱ्याला हा कागद कोणी दाखवला नव्हता.

होडी चोवीस फुटी, तांडेल कोळी. धक्क्यापासून बाहेर काढेपर्यंत इंजिन चाललं, मग त्यानं ते बंद करून शीड वर ओढलं आणि एकदम शांत झालं. फक्त नाळेखाली पाण्याचा चुळचुळ आवाज. "वेग किती?" साडू. "चार नॉट." एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, हे मी सांगितल्यावर त्यांनी गुणाकार केला आणि चेहरा पाडला. "साडेसात! लक्ष्मी रोडवर रिक्षा याहून बरी जाते."

साडेदहापर्यंत तीही चैन संपली. शाळेत 'खारे वारे आणि मतलई वारे, फरक स्पष्ट करा' यावर आम्ही कित्येकदा गुण मिळवले. पण रात्री जमिनीकडून सुटणारा मतलई वारा सकाळी दमतो आणि जमीन तापून समुद्रावरचा खारा वारा सुटेपर्यंत मध्ये कोणीच ड्यूटीवर नसतं, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबू लागलं. शेजारून मांडव्याची लाँच गेली. तिच्यावरची माणसं सीगलना कुरकुरे चारत होती. आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला. आमच्यावर एकही सीगल आला नाही.

"इंजिन लावा की," साडू म्हणाले.

"लावतो की. पन पैसं शिडाचं दिलंय तुमी," तांडेल म्हणाला आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास सुटला आणि वेळापत्रकातलं जेवण सव्वा तास आधीच उरकलं.

लांबवर खांदेरी दिसत होती, १८६७ सालच्या दीपगृहासकट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं किल्ला बांधायला घेतला, तेव्हा तो थांबवायला इंग्रज मुंबईहून गलबतं घेऊन आले होते. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींची माणसं बेटावर तटबंदी रचत होती आणि आपल्या छोट्या होड्या वल्ही मारत रसद पोचवत होत्या. त्यांना वाऱ्याची मिनतवारी करायला नको. ऑक्टोबरात इंग्रजांची 'डव्ह' ही गुराबच आपल्या आरमारानं धरली. लहानपणापासून मी हा इतिहास मावळ्यांच्या बाजूनं ऐकत आलो. लोंबत्या शिडाखाली बसून तो पहिल्यांदाच इंग्रजांच्या बाजूनं कळला.

दीडच्या सुमारास पाण्यावर काळसर सुरकुत्या धावत आल्या. "आला," म्हणून तांडेल उठला. शीड फुगलं, होडी कलली, डबा घरंगळला, साडू डोलकाठीला कवटाळून बसले. खांदेरीला जाऊन येण्याइतका दिवस उरला नव्हता, म्हणून तांडेलानं तोंड मुंबईकडे वळवलं. वारा नेमका तिकडूनच येत होता.

"गेटवे तिकडे, आपण उरणला का चाललोय?" साडूंचा आवाज चिरकला. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. तिरकी जाते, मग उलट्या बाजूला तिरकी, असं नागमोडी पुढे सरकते. हे समजावत असतानाच "डोकी खाली!" अशी आरोळी आली. शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून सूं करत गेला आणि साडूंची टोपी अरबी समुद्राला मिळाली. एकदा उरण, एकदा कुलाबा, पुन्हा उरण. पाचव्या वळणावर साडू स्वतःच "डोकी खाली!" ओरडले. सातव्या वळणावर त्यांनी दोर हातात घेतला आणि घड्याळ खिशात घातलं.

पावणेसातला धक्क्याला लागलो. खांदेरी राहिली ती राहिलीच. जाणार असाल तर दशम्या दोन वेळच्या न्या, आणि टोपीला नाडी असू द्या.