पिठल्याचा गड

तीस वर्षांत सिंहगडावर मी एकदाही गाडीने गेलो नव्हतो. कुणी न विचारता मी लोकांना सांगत असे अशी आयुष्यातली ती एकच गोष्ट. बँकेतली बढती हुकली, सोसायटीत पार्किंग मिळालं ते गटाराच्या झाकणावर. पण रविवारी सकाळी आतकरवाडीतून पायवाटेला लागलो की पन्नास मिनिटांत मी पुणे दरवाज्यात. आमची पाचजणांची टोळी. वर पोचल्यावर वाहनतळावर गाडीतून उतरणारी, वेफर्सची पाकिटं सांभाळणारी कुटुंबं दिसली की आम्ही त्यांच्याकडे जे बघायचो, त्या नजरेने दूध नासलं असतं.

मग पिठल्या आला.

भर पावसात, ऑगस्टमध्ये, सोसायटीच्या जनरेटरमागे एका गावठी कुत्रीला पाच पिल्लं झाली. चौघांना घरं मिळाली. पाचवं उरलं, आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या पहिल्या माळेला ते आमच्या दारातल्या बुटात शिरून बसलं. बूट माझा, ट्रेकिंगचा. हा मला शुभशकुन वाटला. त्या बुटाचा पुढचा भाग त्याने आतूनच खाल्ला होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

नाव मला ऐतिहासिक हवं होतं. मावळातल्या दोन-तीन शूरांची नावं मी सुचवली. हिने शांतपणे विचारलं, “उद्या तो खालच्या काकूंची चप्पल पळवेल, तेव्हा गॅलरीतून काय ओरडणार आहात?” मुद्दा बिनतोड होता. इतिहास बाजूला ठेवला आणि रंगाकडे पाहिलं. रंग पिवळट, मध्ये मध्ये करपल्यासारखा, पीठ कमी पडलेल्या पिठल्याचा. म्हणून पिठल्या. या नावाने पुढे माझ्या ताटात काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कल्पना नव्हती.

माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र. हिवाळा, धुकं, डोंगरधार, पुढे मी आणि मागे कुत्रा. महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजाच्या मागे नाही का एक कुत्रा शेवटपर्यंत गेला? द्रौपदी गळाली, भाऊ एकेक करून गळाले, कुत्रा गळाला नाही. तेही हिमालयात, पट्टा नाही, बिस्किटं नाहीत. त्या हिशेबाने सह्याद्री म्हणजे किस झाडकी पत्ती. तो कुत्रा म्हणजे वेष पालटून आलेला प्रत्यक्ष धर्म होता आणि त्याला लशी घ्यायच्या नव्हत्या, हा तपशील मी विसरलो.

तो डॉक्टरीणबाईंनी दिला. लशींचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, पार्व्होची भीती असते. “आणि त्यानंतर ट्रेकला नेला तर चालेल ना?” मी विचारलं.

“वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं.”

मला वाटलं, हे औषधाचं प्रमाण आहे. नाही. ते चालण्याचं होतं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, तो भरून यायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. तोवर दमेपर्यंत चालवणं, चढण, पायऱ्या, उंचावरून उड्या बंद. ढोबळ हिशेब म्हणून दर महिन्याला पाच मिनिटं धरायची. अंगणात तो आपणहून खेळला तर खेळू द्यायचं. मी बोटांवर मोजलं. नोव्हेंबरात पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत आमची लिफ्ट येते.

“आणि सिंहगड?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचं वय किती?” एवढंच त्या म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी कोणत्या अर्थाने विचारला ते मी अजून हिला विचारलेलं नाही.

तर पहिला महिना पिठल्या टेकडीवर गेला तो माझ्या सॅकमध्ये बसून. ज्या सॅकमधून मी दोर, स्टोव्ह, मॅगी वाहिली, तिच्यातून आता चार किलोंचं एक डोकं बाहेर काढलेलं. वेताळ टेकडी ही आमची घरची टेकडी; समुद्रसपाटीपासून आठशे मीटर म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, पण त्यातले साडेपाचशे पुणं स्वतःच उभं राहून देतं. पहाटे पारा दहाच्या आसपास, सगळे कानटोप्यांत. वीस वर्षं मी त्या वाटेने जातोय, कुणी साधं ‘नमस्कार’ म्हटलं नव्हतं. आता दर दहा पावलांवर मुक्काम. “अगंबाई, किती गोड!” हे मला नव्हतं. “चावतो का?” हेही मला नव्हतं. आठवड्याभरात अख्ख्या टेकडीला त्याचं नाव माहीत झालं आणि माझं नाव पडलं ‘पिठल्याचे बाबा’. निवृत्त न्यायाधीशासारखे दिसणारे एक गृहस्थ रोज थांबून त्याच्याशी हवापाण्याचं बोलत आणि माझ्याकडे, सॅकच्या पट्ट्याकडे बघावं तसं, एकदा बघून पुढे जात.

त्या महिन्यात चंपाषष्ठीही येऊन गेली. खंडोबाचा नैवेद्य कुत्र्याला द्यायचा असतो, तेव्हा घरातच कुत्रा असण्यासारखी सोय नाही. हिने वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले. ऐनवेळी आठवलं, कांदा कुत्र्याला बाधतो. भरतात दोन कांदे. शेवटी देवाच्या प्रतिनिधीला नुसता रोडगा मिळाला. तो त्याने सोफ्याच्या गादीखाली ठेव म्हणून ठेवला. मी बँकेतला माणूस. मला त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

डिसेंबरच्या मध्याला लशी संपल्या आणि पिठल्याचे पाय जमिनीला लागले. वय चार महिने, मंजूर वेळ वीस मिनिटं. मी घड्याळ लावलं, पट्टा धरला, “चल” म्हटलं. पिठल्या निघाला आणि चार फुटांवर थांबला. तिथे एक दगड होता. वीस वर्षांत तो दगड मला दिसला नव्हता. पिठल्याने तो आधी डावीकडून वाचला, मग उजवीकडून, मग समास सोडलेली जागा. आपल्या नाकातल्या गंध टिपणाऱ्या पेशी लाखांत मोजतात, कुत्र्याच्या कोटींत. म्हणजे मी ज्याला वाट म्हणत होतो ते त्याच्या लेखी दिवाळी अंक होते, पसरलेले, सगळे एकदम. वीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही दोनशे पावलं गेलो होतो आणि दगड क्रमांक अकरावर होतो. पोटऱ्यांना घाम नव्हता, पण मान दुखत होती.

यात मी काय शिकलो वगैरे विचारू नका. मोरांची पिसं कुठे पडतात, खाणीच्या काठचं पाणी जानेवारीत किती खाली जातं, उंदीरमारीला फिकट गुलाबी तुरे कधी येतात, एवढं दिसलं खरं. पण ते दिसलं कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

कुसळांबद्दल मात्र बोललंच पाहिजे. पावसाळ्यात जे गवत पाहून आपण फोटो काढतो, ते हिवाळ्यात वाळून सूड घेतं. माणसाच्या मोज्यात कुसळ शिरलं तर माणूस शिव्या देतो. पिल्लाच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं तर ते पुढे पुढेच सरकतं आणि मग डॉक्टरीणबाई. त्यामुळे वीस मिनिटं चालून आलं की चाळीस मिनिटं निवडण. पूर्वी रविवारी हिच्याबरोबर मेथी निवडायला बसायचं तर मला लगेच फोन यायचे. आता मी मांडीवर कुत्रा आडवा घेऊन, चष्मा नाकावर, बारीक कंगवा हातात, एकेक कुसळ काढून वाटीत टाकतो. मधूनच गोचीड. हिने एकदा मेथीची जुडी शेजारी आणून ठेवली. काही बोलली नाही.

एव्हाना तो वाढत होता. वाढत म्हणजे, सकाळी चालायला नेलेला कुत्रा आणि संध्याकाळी नेलेला कुत्रा एकच आहे याची खात्री वाटेना. आधी पाय वाढले, अंग मागाहून येत होतं. एक कान उभा राहिला, दुसऱ्याने दोन आठवडे विचार केला. हार्नेस तीनदा बदलला. दुकानदार म्हणाला, “थोडा मोठाच घ्या,” जसं आमच्या लहानपणी शाळेच्या गणवेशाला म्हणत. घेतला. हा मोठा हार्नेस लक्षात ठेवा.

संक्रांतीला तिळगुळाच्या वाटीशेजारी एक दात सापडला. मी बराच वेळ जिभेने स्वतःचे मोजत बसलो. लाडू हिने केले होते, त्यामुळे शक्यता नाकारता येत नव्हती. माझे सगळे जागेवर निघाले. मग उलगडलं: कुत्र्याला दुधाचे दात अठ्ठावीस, ते या वयात पडतात आणि त्यांच्या जागी बेचाळीस येतात. चौदा दात जास्तीचे, आणि त्या प्रत्येकाची चाचणी माझ्या काठीवर झाली.

मुळशीच्या बाजूला एकदा सपाटीवर हिंडायला नेला, तर कापलेल्या शेतात धनगरांचा वाडा उतरलेला. दोनेकशे मेंढरं. पिठल्याने आयुष्यात प्रथमच एवढी लोकर पाहिली आणि शेपूट हलवत एका कोकराकडे गेला. कोकराच्या आईने एक पाय आपटला. फक्त एक. पिठल्या माझ्या मागे आला. मी धनगराच्या मागे गेलो. त्याचे दोन कुत्रे उन्हात पडले होते. त्यांनी डोळा उघडून पाहिलं आणि आमची दखल घेण्यासारखं काही नाही असं ठरवून मिटला.

“काय खायाला घालता?” धनगराने विचारलं.

मी यादी सांगितली. उकडलेलं चिकन, भात, गाजर, वर थोडा भोपळा, आठवड्यातून दोनदा अंडं.

तो माझ्याकडे बघत राहिला. “आन् तुमी?”

“पोळीभाजी,” मी म्हणालो.

त्याने समजुतीने मान हलवली.

फेब्रुवारी उजाडला. पिठल्या सहा महिन्यांचा, वजन तेरा किलो, मंजूर वेळ तीस मिनिटं. टोळीचे फोन येऊन थांबले होते. आणि एका शनिवारी रात्री ही म्हणाली, “गड दाखवायचाच आहे ना त्याला? गाडी आहे की.”

मी पुस्तकात डोकं घातलं. पण पहाटे साडेपाचला मी, माझ्या आयुष्याची तत्त्वं आणि पुढच्या सीटवर पिठल्या, असे घाटरस्त्याला लागलो होतो. कानटोपी भुवयांपर्यंत, वर मफलर. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडताना मी आवाज बदलला. टोळी नऊच्या आधी वर येत नाही. आठला खाली उतरायचं असा बेत होता. एका वळणावर पिठल्याला गाडी लागली, पुढच्या वळणावर पुन्हा. वर पोचायला अर्धा तास उशीर, गाडी पुसायला अर्धा, आणि मग वाहनतळाच्या कडेने दगड वाचणं. वेफर्सच्या पाकिटासकट एक कुटुंब उतरलं. मी त्यांना वाट दिली.

पायवाटेच्या बाजूने ओळखीचा खोकला ऐकू आला, आमच्यातल्या सीएचा. त्याच क्षणी पिठल्याने मान खाली घातली, मागे एक झटका दिला आणि तो मोठा हार्नेस माझ्या हातात राहिला. कुत्रा टपऱ्यांच्या दिशेने.

आणि मी, सिंहगडावर, रविवारी सकाळी, जीव खाऊन ओरडलो: “पिठल्याऽऽ!”

“या साहेब, बसा, गरम आहे!” पहिल्या टपरीतून उत्तर आलं.

“पिठल्याऽऽ!”

“भाकरी ज्वारीची देऊ का तांदळाची?” दुसरीतून. तिसरीने चटई झटकली. एका पोऱ्याने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी “पिठल्या! पिठल्या!” करत पळतोय आणि दोन्हीकडून मला भुकेला समजून बोलावणं चाललंय, “अवो साहेब, धावू नका, संपत न्हाई!” शेवटच्या टपरीत एक बाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. पिठल्याने तिच्या टोपलीतली सगळ्यात वरची भाकरी अलगद उचलली, जशी ती त्याच्यासाठीच ठेवली होती. कुत्र्याने पळवलेल्या भाकरीमागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. मी शंभराची नोट घेऊन धावलो.

“ऱ्हाऊ द्या वो,” बाई म्हणाली. “पन नाव काय म्हनला त्येचं?”

“पिठल्या.”

तिने पदर तोंडाला लावला. हसू आवरेना. “मंग भाकरी त्येचीच की!”

मागे चौघं उभे होते. घामाने निथळत, हातात काठ्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतं, माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे होतं. कुणीच काही म्हणेना. मला वाटलं, आता ती नजर येणार. दूध नासवणारी. तीस वर्षं मी ती दुसऱ्यांवर वापरली होती, वार कुठे बसतो ते मला पक्कं माहीत होतं.

दाढीवाला घसा साफ करत म्हणाला, “गाडी आणलीस होय.”

“हो.”

“नाही, म्हणजे... आज उतरताना याचा गुडघा जरा...” त्याने इंजिनिअरकडे बोट केलं. इंजिनिअरने घाईने उजवा गुडघा धरला, मग आठवून डावा. सीए म्हणाला, त्याला खरं तर साडेदहाला एकीकडे जायचंय. चौथा काहीच बोलला नाही, त्याने फक्त बुटांच्या नाड्या सोडल्या.

दह्याची मडकी रिकामी झाल्यावर आम्ही निघालो. मागच्या सीटवर साठीकडे झुकलेले चार धिप्पाड गृहस्थ एकमेकांच्या मांड्यांवर काठ्या ठेवून बसले, आणि खालच्या गावात ओळखीचं कुणी दिसलं तर डोकी खाली घालायची असं ठरलं. वळणावर सीएचा खांदा दाराच्या मुठीवर आपटला तेव्हा त्याने चाचरत विचारलं, “याला मागे घेऊन एकजण पुढे बसला तर?”

पुढच्या सीटवर पिठल्या भाकरीच्या झोपेत होता, चारही पाय पसरून. उठवून काही उपयोग नव्हता. त्याची तीस मिनिटं केव्हाच भरली होती.