पेट्या ट्रकात, तुळस गाडीत

चार दिवसांसाठी गाडीने बाहेर पडलेल्या सामान्य मराठी कुटुंबाचे पहिले तीस किलोमीटर ‘गॅस बंद केला होता ना?’ यातच जातात. फौजी कुटुंबाला हा घोर नाही. त्याने गॅसजोडणी परत केलेली असते आणि क्वार्टरमधले पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा मोजून देऊन चावीही सोपवलेली असते. म्हणून पुण्याहून सिकंदराबादला बदली झालेल्या एखाद्या सुभेदारसाहेबांची गच्च भरलेली गाडी पाहून ‘बिचारे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असे हळहळणाऱ्यांशी माझे भांडण आहे. खरा बिचारा तो, जो महाबळेश्वरला जाऊनही मनाने घराच्या कुलपाला लोंबकळत असतो. पुरता प्रवास फौजीच करतो. पटत नसेल, तर या गाडीला पाटसपाशी हमरस्ता सोडायला लावा आणि बारामती-इंदापूरमार्गे न्या.

आधी सामान पाहू. काळ्या लोखंडी पेट्या ट्रकाने पुढे गेलेल्या असतात. त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि युनिट. जुन्या युनिटवर काळा हात मारून नवे लिहिलेले, पण जुने खालून डोकावतेच. अशा पेटीवर माणसाची सगळी नोकरी वाचता येते. गाडीत येते ते ट्रकवाल्याच्या भरवशावर सोडवत नाही तेवढेच: देव्हाऱ्यातले देव, कुत्रा, टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची बरणी (सीटबेल्ट पोरांच्या आधी तिला), आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस. डबा वहिनींच्या दोन पावलांमध्ये घट्ट धरलेला. गतिरोधक आला की गाडीतले सगळे आपापले डोके सांभाळतात, वहिनी तुळस सांभाळतात. या लवाजम्याची दखल सरकारने फार पूर्वी घेतली आहे. लष्कराला पथकरातून सूट देणारा कायदा 1901 चा. त्यात कामगिरीवर निघालेल्या सैनिकासोबतचे कुटुंब, सामान आणि घोडेही आहेत. इंदापूरजवळच्या सरडेवाडी टोलनाक्यावरच्या यंत्राला मात्र घोडा ओळखता येत नाही. ते फास्टॅग वाचते आणि पैसे कापून मोकळे होते.

आता हाच रस्ता का? कारण इथे बिऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसाकडे कोणी टकमक बघत नाही. आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीला येते आणि पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत इंदापूर गाठते. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीत घोडे धावतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, जागा ठरलेली, मागे शेगड्या आणि तंबूंचे ट्रक. हे पाहून कुठल्याही क्वार्टरमास्टरने टोपी काढावी. शिवाय इंदापूरला फौजी काही नवा नाही. खुद्द मालोजीराजे भोसले इथल्याच लढाईत पडले.

यावर शहाणे म्हणतील, बदल्या होतात शाळांच्या परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलात. तेव्हा पालखी कुठली? कबूल. पण एप्रिलात साखर कारखान्यांची धुराडी थंडावलेली असतात आणि ऊसतोडीचे कोयते परतीला लागलेले असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हंडे, गोधड्या, टोपलीखाली कोंबडी आणि सगळ्यांच्या वर पोरे. त्यांना ना बदली-भत्ता, ना केंद्रीय विद्यालय. ‘बिचारे’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो या ट्रॉलीसाठी राखून ठेवावा. दुसरा आक्षेप असा की वारकरी मनाने निघतो, फौजी हुकमाने. हाही फरक वाटतो तेवढा मोठा नाही. पंढरीचे बोलावणे आले की पेरणी, पाहुणे, गुडघे यांतली कुठलीही सबब वारकरी सांगत नाही, आणि एकादशीची तारीख पुढे ढकलून मिळत नाही. फौजीला निदान आठ दिवस वाढवून मागणारा अर्ज तरी करता येतो. नामंजूर होतो ती गोष्ट वेगळी. तिसरा आक्षेप भिगवणचा. बारामतीकडे वळले की उजनीचे पाणी, त्यावरचे रोहित पक्षी आणि माशांची थाळी, तिन्ही हुकतात. याला माझ्याकडे उत्तर नाही. थाळीपुढे तर्क चालत नाही.

मुळे रुजत नाहीत, हा शेवटचा आणि सर्वांत भारदस्त आक्षेप. पण वारीतल्या बायका डोक्यावर वृंदावन घेऊन याच डांबरावरून चालतात आणि ती तुळस पंढरपूरपर्यंत हिरवीगार पोचते. वहिनींची तर तीन छावण्यांचे पाणी प्यायलेली आहे. इंदापुरात चहाला थांबल्यावर डबा आधी सावलीत उतरतो, मग पोरे. चहावाला सवयीने विचारतो, ‘गाव कोणतं म्हणायचं?’ मधली पोरगी बिस्कीट बुडवता बुडवता हिशेब करते आणि त्यालाच उलट विचारते, ‘आधार कार्डावरचं, आजीचं, की आता जातोय ते?’