आशियाचा पुनर्विचार कसा करावा : नव्या विभागप्रमुखांसाठी

सर्वप्रथम पाटी बदला. याला ज्ञान लागत नाही, समिती लागते. केंब्रिजने विभागाच्या नावातलं 'ओरिएंटल' २००७ साली उतरवलं, ऑक्सफर्डने २०२२ साली, शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने २०२३ साली. पाश्चात्त्यांनी रंगवलेल्या 'पूर्वे'वर टीका करणारं एडवर्ड सैद यांचं 'ओरिएंटॅलिझम' १९७८चं. म्हणजे पुस्तक पचायला तीस-चाळीस वर्षं धरून चाला, घाई नको. (पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नावात हाच शब्द १९१७पासून सुखाने नांदतो आहे. घरच्यांना कोण बोलणार?)

मग पैशाचं बघा. पूर्वेच्या अभ्यासासाठी लंडनची 'सोआस' ही संस्था १९१६ साली स्थापन झाली, त्यात साम्राज्याला अधिकारी पुरवण्याचा हेतू होता. अमेरिकेत सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकच्या धसक्याने १९५८चा कायदा आला आणि आशियाई भाषांच्या वर्गांना सरकारी निधी मिळू लागला. कायद्याच्या नावातच 'राष्ट्रीय संरक्षण' होतं. तेव्हा सध्या सरकारला कोणत्या देशाची धास्ती आहे ते ओळखा आणि त्याच देशाच्या नावाने अर्ज करा.

पुढची पायरी : आशिया आशियातूनच बघा. जपानचे ताकेउची योशिमी १९६० सालीच हे बोलले होते, तैवानच्या चेन क्वान-शिंग यांनी २०१०मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. भारताने स्वतःला इंडोनेशियाशी, कोरियाशी ताडून बघावं, दर वेळी पॅरिसची फूटपट्टी कशाला? विचार मोलाचा आहे. अंमलबजावणी सोपी : परिषद सिंगापूरला भरवा आणि सगळे निबंध इंग्रजीत वाचा.

स्थानिक विद्वानांचं काय करायचं, हा धडा मात्र अवघड. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी श्रीलंका, ब्रह्मदेश हिंडले आणि १९१०मध्ये हार्वर्डला पोचले. हेन्री वॉरन यांच्या निधनाने अर्धवट राहिलेलं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचं संपादन त्यांना पुरं करायचं होतं. श्रेय कुणाचं, यावरून तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि कोसंबी परतले. पुढेही ते त्या कामासाठी पुन्हा तिकडे गेले. ग्रंथ निघाला १९५०मध्ये. कोसंबी १९४७मध्येच वारले होते. त्यावर संपादक वॉरन, कोसंबी सुधारणा करणारे. आता असं होत नाही. आता अशा माणसाला 'भागीदार' म्हणतात आणि आभाराच्या परिच्छेदात बसवतात.

राहता राहिली भाषा. मराठी, बर्मी, खमेर शिकवायला पूर्णवेळ शिक्षक कायम नोकरीवर नेमा. वर्गात चारच विद्यार्थी आले तरी वर्ग बंद करू नका. ही सूचना ऐच्छिक आहे. ती न पाळताही वरच्या सगळ्या पाळता येतात.